पुतळाबाईंचं स्पॅनिश ‘नको’

नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला, पुतळाबाई आहेरांच्या घरी कुणी गेलं आणि चहाला नको म्हणालं, तर त्याला चहा मिळतो. पोह्यांना नको म्हटलं तर पोहेही मिळतात. एकदा गॅसचं सिलिंडर आणणारा खरोखरच घाईत होता. तो जिन्यापर्यंत नको नको म्हणत गेला आणि खाली पोहोचला तेव्हा त्याच्या दोन्ही खिशांत बेसनाचे लाडू होते.

यात बाईंचं काही चुकत होतं असं म्हणता येणार नाही. पाहुण्याने आधी नको म्हणायचं आणि घरच्या बाईने ते कानाआड करायचं, हा व्यवहार त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. त्यांचं माहेर देवळ्याजवळच्या मळ्यातलं. लग्न ठरलं तेव्हा कांदे साठवायच्या चाळीपाशी बसून आईने त्यांना बजावलं होतं, की सासरी कुणी काही विचारलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं, आणि तेही अर्धंच. पुतळाबाईंनी हे जन्मभर पाळलं. पंचाईत एवढीच झाली, की नवरा असा मिळाला ज्याला ही रीत कधी उमजलीच नाही. देवराम आहेर नोटांच्या प्रेसमध्ये मशीनवर होते. मशीन बंद म्हणजे बंद, चालू म्हणजे चालू. लग्नानंतर त्यांनी हौसेने विचारलं होतं, “महाबळेश्वरला जायचं का?” नव्या नवरीने मान खाली घालून म्हटलं, “नको, उगाच कशाला.” देवराम “बरं” म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पुतळाबाईंनी महाबळेश्वर अजून पाहिलेलं नाही.

अशा या बाईंवर साठी उलटल्यानंतर स्पॅनिश शिकायची वेळ आली, ती मुलामुळे. अमित शेतीचं शिक्षण घेऊन स्पेनला गेला. मुर्सिया नावाच्या, आपल्यासारख्याच द्राक्षं पिकवणाऱ्या मुलखात त्याला रोपवाटिकेत नोकरी लागली आणि तिथल्याच मार्ताशी त्याने लग्न केलं. लग्न नेमकं करोनाच्या दिवसांत झालं. विमानं बंद. पुतळाबाई पैठणी नेसून मोबाइलपुढे बसल्या, मंगलाष्टकं स्वतःच म्हटली आणि अक्षता स्क्रीनवर टाकल्या. तेव्हा त्या हसत होत्या. फोन बंद झाल्यावर सोफ्याच्या फटीतले तांदूळ वेचताना मात्र त्यांना रडू आवरेना. एकुलत्या एका मुलाचं लग्न झालं आणि आपण तिथे नव्हतो, हे त्यांच्या मनाला लागलं ते लागलंच.

गेल्या दिवाळीत अमितचा फोन आला, की मार्ताला दिवस गेलेत. पाचव्या महिन्यात ती दोघं नाशिकला येणार होती आणि मार्ताची आई पिलारबाई सोबत येणार होत्या. पुतळाबाईंनी फोन खाली ठेवता ठेवताच मनाशी पक्कं केलं, की लग्न हुकलं ते हुकलं, बाळाच्या वेळी आपण तिथे असणार म्हणजे असणार. हे त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. बोलायचं कशाला? विहीणबाई येतील, आपल्याला बोलावतील, आपण नको म्हणू, त्या आग्रह करतील, मग आपण जाऊ. सगळं रीतीप्रमाणे होणार होतं.

अडचण होती ती भाषेची. पिलारबाईंनी आयुष्यभर त्यांच्या गावात टपाल वाटलं होतं आणि त्यांना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. पुतळाबाईंचं इंग्रजी ‘हॅलो’ आणि ‘राँग नंबर’ यांच्यापुढे फारसं गेलेलं नव्हतं. तेव्हा त्यांनी शेजारच्या मेहरुन्निसा मॅडमना गाठलं. मॅडम शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या हातात आता खडू नव्हता, पण सवय तीच होती.

“ताई, मोबाइल सगळं बोलतो ना,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही मराठीत बोला, तो स्पॅनिशमध्ये बोलेल. फिकीर कशाला?”

“विहीण दारात आल्यावर तिला या बसा म्हणायचं, ते काय मोबाइलनं? ते मी माझ्या तोंडानं म्हणणार.”

मग दुपारच्या वेळी शिकवणी सुरू झाली. प्रत्यक्ष शिकवायचं म्हटल्यावर मोबाइलच्या मराठीवर मॅडमचा विश्वास उरला नाही, म्हणून पुतळाबाई मराठीत सांगायच्या, मॅडम त्याचं स्वच्छ, शाळेतलं इंग्रजी करायच्या आणि मग मोबाइल त्याचं स्पॅनिश करायचा. ‘या, बसा, दमला असाल’ हे मॅडमच्या तोंडून ‘वेलकम, प्लीज सिट डाउन, यू मस्ट बी टायर्ड’ होऊन गेलं आणि पलीकडून ‘बिएनवेनिदा, सिएन्तेसे’ असं काहीतरी होऊन आलं. पुतळाबाईंनी ते देवनागरीत उतरवून घेतलं. बघता बघता स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. मिठाच्या बरणीवर ‘साल’, साखरेच्या डब्यावर ‘असूकार’, माठावर ‘आग्वा’. देवराम चहा करायला गेले की आधी चिठ्ठ्या वाचत उभे राहायचे.

“विहीण येतेय की कलेक्टर?” ते विचारायचे.

‘ग्रासियास’वर मात्र शिकवणी थोडा वेळ अडली. ‘ग्रासियास’ म्हणजे थँक्यू. पुतळाबाईंना हा शब्द पटेना. “घरच्या माणसाला थँक्यू कशाला म्हणायचं? लय परकं वाटतं.”

“तिथे म्हणतात, ताई. पाणी दिलं तरी म्हणतात.”

“मग दिवसभर तेच म्हणत बसायचं?” असं म्हणून त्यांनी तोही शब्द पाठ केला.

पण त्यांना सगळ्यांत आवडलं ते दुसरंच वाक्य. ‘उगाच कशाला त्रास’ याचं मॅडमनी ‘प्लीज डोन्ट ट्रबल युअरसेल्फ’ केलं आणि मोबाइल म्हणाला, ‘नो से मोलेस्ते’. हे वाक्य पुतळाबाईंना अगदी घरचंच वाटलं. दुसऱ्याच्या दारात ज्याच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही ते हेच. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, बिटको चौकात भाजी घेताना त्या ते पुटपुटायच्या. बाकीची वाक्यं अडखळत यायची, पण ‘नो, ग्रासियास, नो से मोलेस्ते’ एका दमात यायचं. मॅडमनी त्याला दहापैकी दहा दिले.

डिसेंबरात पाहुणे आले. पिलारबाई बुटक्या, ठसठशीत, खळखळून हसणाऱ्या. दारात पुतळाबाईंनी ओवाळलं आणि अडखळत का होईना, सगळं स्पॅनिश स्वागत म्हणून दाखवलं. पिलारबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पुतळाबाईंना मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतले आणि त्याच भरात देवरामांचेही घेतले. देवरामांचे कान लाल झाले. ते पेपर आणायला म्हणून जे खाली गेले ते जेवायच्या वेळीच वर आले.

त्या जेवणात मांडे होते. देवळ्याकडचे खापरावरचे मांडे, रुमालाएवढे, पुरण भरलेले, वर तुपाची धार. पिलारबाईंनी एक मोठ्या आनंदाने खाल्ला. पुतळाबाईंनी दुसरा वाढला. विहीणबाई म्हणाल्या, “नो, ग्राथियास.” मोबाइल ‘ग्रासियास’ म्हणतो आणि या जीभ दातांत धरून ‘ग्राथियास’ म्हणतात, हे पुतळाबाईंनी मनात टिपलं आणि तिसरा वाढला.

“कोमा,” त्या प्रेमाने म्हणाल्या. ‘कोमा’ म्हणजे खा. “कोमा उन पोको मास.” म्हणजे अजून थोडं.

“अगं, पुरे,” देवराम म्हणाले. “खरंच कोमात घालशील त्या बाईला.”

पिलारबाईंना ताटात टाकणं माहीत नव्हतं. त्या नको नको म्हणत होत्या आणि वाढलेलं संपवत होत्या, आणि संपलेलं ताट पाहून पुतळाबाई पुन्हा वाढत होत्या. दोघी एकमेकींना मान देत होत्या. संध्याकाळी विहीणबाई पोट धरून पलंगावर आडव्या झाल्या आणि पुतळाबाई ओवा घेऊन उशाशी बसल्या.

अमितने आईला गॅलरीत बोलावलं. “आई, ती लोकं नको म्हणाली म्हणजे नको असतं. एकदा विचारतात, एकदा सांगतात. संपलं.”

“एकदाच विचारतात?” पुतळाबाईंना खरंच वाटेना. “मग माणूस उपाशीच राहायचा की!”

“नाही राहत. भूक लागली की हो म्हणतात.”

पुतळाबाई खजील झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या फक्त एकदा विचारायला लागल्या. पिलारबाईंनी नको म्हटलं की वाढायला पुढे झालेला हात मागे घेताना त्यांना फार कठीण जायचं, पण त्यांनी ते केलं. विहीणबाईंची रीत आपल्याला समजली, असं त्यांना वाटलं. अर्धी समजली होती, आणि उरलेली अर्धी त्यांच्याच अंगावर यायची होती.

पाचवा महिना म्हणून मार्ताची चोरओटी भरली. चोरओटी गाजावाजा न करता भरायची असते. त्यामुळे फक्त मेहरुन्निसा मॅडम, वरच्या मजल्यावरच्या लताबाई आणि त्या दोघींकडून कळल्यामुळे आलेली अर्धी सोसायटी, एवढ्याच बायका होत्या. मार्ता हिरव्या साडीत लाजून बसली. पिलारबाई लेकीकडे पाहून रडत होत्या, हसत होत्या आणि सगळ्यांना ग्राथियास म्हणत होत्या. आता बोलावतील, असं पुतळाबाईंना तेव्हाही वाटलं होतं. गर्दीत राहून गेलं असेल, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत काढली.

तो क्षण दोन दिवसांनी आला. अमित कामासाठी विंचूरला गेला होता, मार्ता झोपली होती, देवराम बाहेर होते. दोघी विहिणी गॅलरीत उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. पिलारबाईंनी एकाएकी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या, पदराला हात पुसावेत तसे स्वेटरला पुसले, मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी हळू आवाजात बोलल्या. मोबाइल त्याच्या कोरड्या मराठीत म्हणाला, “जेव्हा बाळ जन्माला येईल तेव्हा आपण माझ्या घरी यावे आणि राहावे अशी माझी इच्छा आहे.”

पुतळाबाईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. दिवाळीपासून ज्याची वाट पाहत होत्या ते शब्द त्यांच्या मांडीवरच्या मटारांत येऊन पडले होते. आणि त्याच आनंदात, काही कळायच्या आत, तोंडातून बाहेर पडलं, “नो, नो, ग्राथियास. नो से मोलेस्ते.”

न अडखळता, एका दमात. ‘ग्राथियास’सुद्धा जीभ दातांत धरून, अगदी विहीणबाईंसारखं. मॅडम तिथे असत्या तर त्यांनी अकरा गुण दिले असते.

पिलारबाईंचा चेहरा जरासा उतरला. त्यांनी पुतळाबाईंचा हात थोपटला. “बाले,” त्या म्हणाल्या. म्हणजे बरं. आणि त्यांनी पुन्हा शेंगा घेतल्या.

पुतळाबाई दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत होत्या. मटार संपले, तरी विहीणबाई विचारेनात. चहाच्या वेळी पुतळाबाई त्यांच्या समोरच बसल्या. रात्रीच्या जेवणात शेजारी बसल्या. दुसऱ्या दिवशी तर त्यांनी स्वतःच विषय काढून दिला, बाळाचा पाळणा कसा असेल, तिकडे उन्हाळा कसा असतो. मोबाइलवरून पाळण्याची आणि उन्हाळ्याची माहिती मिळाली. आमंत्रण काही आलं नाही.

शेवटी अमित म्हणाला, “आई, पिलार सांगत होती, तू यायला नको म्हणालीस. तिला जरा वाईट वाटलं. पण मी समजावलं तिला, आईला घर सोडून जमत नाही म्हणून. आता तिची बहीण येऊन राहणार आहे मदतीला.”

पुतळाबाई डिंकाचे लाडू वळत होत्या. “हो ना,” त्या म्हणाल्या. “घर कोण बघणार.” आणि त्या लाडू वळत राहिल्या. त्या दिवशीचे लाडू दगडासारखे घट्ट झाले.

रडायला त्या मॅडमच्या घरी गेल्या. सगळं ऐकून मॅडमनी कपाळाला हात लावला. “या अल्ला! मीच शिकवलं ते वाक्य. मग जा ना ताई, सांगा ना त्यांना, मला यायचंय म्हणून.”

“असं कसं? विहिणीच्या घरी मागून जायचं? लोक काय म्हणतील?”

“कोणते लोक? मुर्सियाचे?”

पुतळाबाईंनी डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. “बरं, असं लिहा. म्हणावं, तुमची काही अडचण नसेल, बहिणीला काही वाटणार नसेल, जागा असेल, आणि तुम्ही तेव्हा म्हणालात ते मनापासून असेल, तर माझी तशी काही हरकत नाही.” मॅडमनी ते सगळं इंग्रजीत करून मोबाइलला दिलं. मोबाइल बराच वेळ स्पॅनिश बोलत राहिला. तो थांबला तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहत होत्या.

“हे तर मला पण नाही म्हणता येणार,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि वर्गात विचारत असतील तशा आवाजात विचारलं, “इंग्रजी राहू द्या, स्पॅनिश राहू द्या. तुम्हाला काय पाहिजे? एका वाक्यात सांगा.”

पुतळाबाईंच्या लक्षात आलं, की हे वाक्य आपण कुठल्याच भाषेत कधी म्हटलेलं नाही. आईला नाही, सासूला नाही, नवऱ्याला नाही. मनातलं कुणीतरी तिसऱ्यांदा विचारून बाहेर काढावं, याचीच वाट पाहत एवढं आयुष्य गेलं होतं. त्या पदराचं टोक पिळत बसल्या. मग त्यांच्या तोंडून आलं ते माहेरच्या बोलीतलं, लग्नानंतर नाशिक रोडला फारसं कुणी न ऐकलेलं.

“माले जानं शे,” त्या म्हणाल्या. “बाळनं तोंड देखनं शे.”

मॅडमची पहिली नोकरी मालेगावची, त्याच बोलीच्या मुलखातली. त्यांना सगळं कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “आय वॉन्ट टू गो.” मोबाइल म्हणाला, “किएरो इर.”

दोनच शब्द होते. तरी पाहुणे निघायच्या सकाळपर्यंत पुतळाबाईंना ते म्हणायला जमलं नाही. मुंबईला विमानतळावर नेणारी गाडी खाली लागली. देवराम बॅगा टपावर बांधायला मदत करत होते. मार्ता पुतळाबाईंच्या पाया पडली आणि तिला उठवताना त्यांचा हात तिच्या पोटाला लागला. मग पिलारबाई मिठी मारायला पुढे आल्या. पुतळाबाईंनी त्यांचे दोन्ही दंड घट्ट धरले.

“किएरो इर,” त्या म्हणाल्या. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने, गाडीच्या ड्रायव्हरनेही वळून पाहावं इतक्या मोठ्याने. “किएरो इर! मुर्सिया!”

“सेगूरा?” पिलारबाईंनी विचारलं. म्हणजे नक्की का? पुतळाबाईंची जीभ ‘नो से मोलेस्ते’कडे निघालीच होती. त्यांनी तिला दातांत धरलं, तशी त्यांना ‘ग्राथियास’मुळे सवय झालीच होती.

“सी,” त्या म्हणाल्या. म्हणजे हो.

मग जी काही मिठी बसली, तिच्यात पुतळाबाईंचा चष्मा वाकडा झाला. पिलारबाई रडत, हसत, लेकीला आणि जावयाला एकदम काहीतरी सांगायला लागल्या. अमित गोंधळून म्हणाला, “पण आई, तूच तर नको म्हणाली होतीस!”

“अरे, एकदाच तर म्हटलं होतं!”

पिलारबाईंनी डोळे पुसले. मग त्यांना बॅगांमागे उभे असलेले देवराम दिसले. “इ उस्तेद, देवराम?” त्यांनी विचारलं. आणि तुम्ही?

देवराम आयुष्यभर सरळ बोललेले गृहस्थ. पण विहिणीने असं सगळ्यांदेखत नाव घेऊन विचारल्यावर त्यांचे कान पुन्हा लाल झाले. इतक्या दिवसांत कानावर पडून पडून तेवढे शब्द त्यांनाही पाठ झाले होते. दोरीची गाठ उगाच सोडत आणि पुन्हा बांधत ते म्हणाले, “नो, नो. ग्रासियास.”

पुतळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. देवरामांनी कपाटातला लोकरीचा कोट कुणाला न सांगता गच्चीवर उन्हात टाकला होता, ते गेल्याच आठवड्यात पुतळाबाईंनी पाहिलं होतं.

पिलारबाई ‘बाले’ म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात पुतळाबाई मध्ये पडल्या.

“सी,” त्यांनी भाषांतर करून टाकलं. “ते पण सी म्हणताहेत.”